उजवा पाय मागे

चौबे कॉलोनी, रायपूर

प्रिय पद्मिनी,

पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. कूलरमध्ये पाणी भरतो, शेजारच्या दुबे भाभी तांदळाचा चीला पाठवतात आणि मी तो तुझ्या चटणीशिवाय गिळतो. फोन करावा तर माझी गाडी 'गोळी घेतली का, बाथरूममध्ये चप्पल घातली का' याच्या पुढे जात नाही आणि तू फोन बहिणीच्या, मायाच्या हातात देऊन मोकळी होतेस. तिच्याकडे नागपूरला आराम करायला गेलीस की माझ्यापासून आराम करायला, हेही मला नीट कळलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

माझं डोकं चालेनासं झालंय ते एकाच गोष्टीपायी. कंपवात सुरू झाल्यापासून तुझी पावलं मध्येच अडकतात, फरशीला चिकटल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, संगीताच्या तालावर चालू द्या, जोडीचा नाच शिका, फरक पडेल. समता कॉलोनीतल्या त्या क्लासमध्ये नावं मीच घातली. रेल्वेच्या ऑफिसात जन्म गेला, सख्ख्या भावाच्या वरातीतही मी नाचलो नव्हतो, पण तुझ्यासाठी वॉल्ट्झ शिकायला उभा राहिलो. आणि झालं काय? माझ्याबरोबर तू पहिल्याच पावलाला अडकायचीस. सोनिया मॅडमनी जोड्या बदलल्या, तुला त्या भार्गवजींकडे दिलं आणि तू चक्क सरकत गेलीस. हसत होतीस. मी खुर्चीत बसून बघत होतो. आनंद झाला, देवाशप्पथ झाला, आणि त्याच वेळी भार्गवजींच्या त्या इस्त्रीच्या निळ्या शर्टाचा असा राग आला की काय सांगू. माणसाला दोन्ही एकदम कसं होतं, तूच सांग.

त्यात स्टेशनवर गाडी हलता हलता तू खिडकीतून म्हणालीस, "तुम्ही मले नुसतं धरून राहता, नाचत नाही. तुमच्यासंगं असलं का मले वाटते, मी बिमारच आहो." धरू नको तर काय करू? तू बाथरूममध्ये पडलीस तेव्हा मी बाहेर पेपर वाचत होतो. तेव्हापासून तू उठलीस की माझा हात आपोआप पुढे येतो. यात चुकलं काय? स्कूटरवर विचार केला, भाजी घेताना केला, पुरानी बस्तीतल्या देवळात जाऊन बसलो आणि तिथेही केला. काही उलगडलं नाही. तुझ्यावर रुसावं की स्वतःवर, तेही ठरेना.

शेवटी एकटाच क्लासला गेलो. म्हटलं, हे भार्गवजी असं करतात तरी काय, ते बघू. तू नाहीस म्हणून तेही जोडीदाराविना बसलेले. माणूस सज्जन आहे गं, राग धरायलाही सोय नाही. मी म्हणालो, दाखवा. त्यांनी मला बाईच्या जागी उभं केलं. पुरुषाचा डावा पाय पुढे, बाईचा उजवा पाय मागे. दोन टकले म्हातारे हातात हात घालून गिरक्या घेताहेत, क्लासमधली पोरं हसून हसून बेजार. पण पद्मिनी, त्यांचा हात पाठीला नुसता टेकलेला असतो. आपलं पाऊल पडेपर्यंत ते थांबतात. मग मी पुरुष झालो, तर ते ओरडले, "अरे भैया, छोड़िए तो, चलूँ कैसे?" सोडतो म्हटलं, पण हात ऐकेना. रोज जातो, अजून ऐकत नाही. समोर भार्गवजी असले तरी मला तूच पडताना दिसतेस.

बाईच्या जागी मात्र मला जमतंय. तिथे कुणाला न्यायचं नसतं, आपण जायचं असतं. म्हणूनच हे पत्र. तू शनिवारी येशील आणि रविवारी मॅडम कायमच्या जोड्या ठरवणार आहेत. समोर आलीस की मी आधी 'सांभाळून' म्हणणार आणि हे विचारायचं राहून जाणार. तू पुरुषाची पावलं शिकशील का? तू ने, मी येतो. मॅडम म्हणाल्या, करून बघायला हरकत नाही. हे शहाणपण आहे की वेडेपणा, मला खरंच ठाऊक नाही. नको वाटलं तर भार्गवजींबरोबर नाच, मी खुर्चीत बसेन आणि तोंड वाकडं करणार नाही. पण हो म्हणालीस, तर तुझा तोल गेला तरी मी झडप घालणार नाही. आधी तुला सावरू देईन. घेशील मला?

तुझाच,
बाबाराव