लाल झेंड्याचा आठवडा

१२ ऑक्टोबर, रविवार

पोचलो एकदाचे. बाबांनी प्रवासभर कुरकुर करून माझं डोकं खाल्लं, पण घर पाहिलं आणि त्यांची बोलतीच बंद झाली. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा आणि व्हरांड्याला लागूनच जंगल. पानं अशी पिवळीधमक की बघत राहावं. भाडं नाही, वर डागडुजीही गावच करणार. नोकरी माझी आणि मिजास बाबांची. आल्या आल्या उन्हातली खुर्ची पटकावून बसले आणि मला सामान लावायच्या सूचना देऊ लागले. अर्धांगाच्या झटक्याने डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत आहे.

शिडीवाले काका न्यायला आले होते. माझ्याआधी मनोऱ्यावर तेच होते. आता गुडघे गेले म्हणून शिडीची देखभाल करतात. काम त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. वर बसून जंगलावर नजर ठेवायची, आणि आग गावाकडे येताना दिसली की घंटा वाजवायची. मुलाखतीतही एवढंच झालं होतं. फक्त घरी आणखी कोण असतं, हे अध्यक्षबाईंनी खोदून खोदून विचारलं. वडील आहेत म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलले. मला बरं वाटलं. नाहीतर आजकाल म्हाताऱ्या माणसाचं नाव काढलं की लोक कपाळाला आठ्या घालतात.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काय हवा आहे. आभाळात औषधालाही ढग नाही. सगळ्या गच्च्यांवर गाद्या-रजया वाळत पडल्यात आणि जो तो अंगणातली पानं झाडतोय. पानं पायाखाली कागदासारखी चुरतात. जाळायला मनाई आहे, म्हणून पोत्यांत भरून गावाबाहेर नेऊन टाकतात. एवढं टापटिपीचं गाव मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दुपारी लाल झेंडा चढला. हवा फार कोरडी झाली की चढवतात. झेंडा उतरेपर्यंत पहारेकऱ्याने वरच राहायचं आणि शिडी काढून न्यायची, हा इथला नियम. मी जरा कांकू केलं. काका म्हणाले, पूर्वी एक जण डुलकी काढायला घरी गेला होता, तेव्हापासून हे सुरू झालं. बाबांचं काय विचारलं तर शेजारच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, ताई, तुम्ही निश्चिंत जा. बाबांना सोडून मी कधी कुठे राहिलेले नाही. तेच उलट म्हणाले, जा बये, चार दिवस मला सुखाने जगू दे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वर पत्र्याची केबिन, चारी बाजूंना खिडक्या, एक खाट, एक बादली आणि दुर्बीण. डोक्यावर घंटा, तिची दोरी छतातून खाली आलेली. जेवण टोपलीतून वर येतं, सकाळी आणि संध्याकाळी. वाराही नाही. नुसतं ऊन, पाठ शेकणारं. असा पगार कोणी मला दहा वर्षांपूर्वी द्यायला हवा होता.

दुर्बिणीतून घर स्वच्छ दिसतं. आज एका बाईने बाबांची दाढी केली. दुसरीने नखं कापली. बाबा चक्क हसत होते. माझ्याशी बोलताना हे हसू कुठे जातं कोण जाणे.

एक गोष्ट वरूनच लक्षात आली. पानांची पोती वाटेल तिथे टाकत नाहीत. नदीपासून खाणीपर्यंत सरळ रांग लावलीय, कंबरभर उंच. गाव सगळं रांगेच्या अलीकडे आहे. आमचं एकच घर पलीकडे, जंगलाच्या बाजूला. आम्ही नवीन म्हणून विसरले असतील. काकांना वरूनच ओरडून सांगितलं. उद्या सांगतो म्हणाले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काकांनी सांगितलं. मनोऱ्याच्या बुंध्याशी मांडी घालून, मीठ-मिरचीचा भाव सांगावा तसं.

रानाची आग पाण्याने विझत नाही. समोरून दुसरी आग सोडायची, ती वाटेतलं सगळं खात जाते आणि पहिलीला खायला काही उरत नाही. ती रांग त्यासाठी आहे. घंटा वाजली की पेटवायची, रानाच्या बाजूने. पलीकडे जे असेल ते जाणारच.

मग बाबांना अलीकडे आणा, एवढंच ना, असं मी म्हटलं. ते मान हलवत राहिले. पूर्वी ते घर रिकामं असायचं म्हणे. पहारेकरी जरा धूर दिसला की घंटा बडवायचा. एकदा अशीच उगाच रांग पेटवली, वारा फिरला आणि अर्धं गाव जळालं. तेव्हा ठरलं की घंटा वाजवणाऱ्याला ती महाग पडली पाहिजे. पलीकडच्या घरात त्याचं माणूस ठेवायचं. मग तो उगाच वाजवत नाही. एकट्या माणसाला म्हणूनच ही नोकरी देत नाहीत.

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसलेसुद्धा. मग काका म्हणाले, त्या घरात माझी बायको होती. आणि टोपलीत आज काय काय आहे ते सांगायला लागले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

शिडी मागितली. हात जोडले, शिव्या दिल्या, जेवणाची टोपली खाली फेकली. काकांनी सांडलेलं भरून पुन्हा वर पाठवलं. टोपलीची सुतळी वजन पेलत नाही, म्हणून खाटेची दोरी सोडवून उतरून पाहिलं. मनोऱ्याच्या निम्म्यातही पोचत नाही. हात सोलून परत चढले.

बाबांना हाका मारल्या. आवाज जात नाही. ते पुस्तक वाचत बसलेत. मागच्या दाराशी दोन दांडगे पुरुष दिवसभर बसून असतात, काल ते सोबतीला आहेत असं मला वाटलं होतं.

अध्यक्षबाई येऊन गेल्या. चांगल्या बोलतात. म्हणाल्या, बहुतेक वर्षी काही होत नाही. पाऊस पडतो, झेंडा उतरतो, सगळे सुखरूप. तुम्ही फक्त आग लागू नये अशी प्रार्थना करा, आम्हीही तेच करतो. मी विचारलं, त्या घरात तुमची आई का नाही ठेवत. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, माझी मनोऱ्यावरची पाळी होऊन गेली.

आभाळ निळंच. मेला एक ढग नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी धूर. टेकडीमागे. बारीक.

मी घंटेकडे पाहिलंही नाही. विझेल. आपोआप विझतात कधी कधी—

दुपार. विझला नाही. टेकडीच्या अलीकडे आला. आता ज्वाळा दिसतात. खालून सगळ्यांना दिसत असणार, आंधळे थोडेच आहेत. पण रांगेपाशी माणसं पलिते घेऊन नुसती उभी. पेटवत नाहीत. काका म्हणतात, खालून जो तो आपापलं मत देतो, भांडणं होतात. म्हणून घंटाच. घंटेशिवाय कोणी हात लावणार नाही.

मी वाजवणार नाही. स्पष्ट सांगितलं. जळा सगळे.



नंतर. बाबांना कळलं. उठलेत. काठी टेकत, डावा पाय ओढत गावाकडे निघालेत. या बाबा, या, आणखी थोडं—

रांगेपर्यंत आले. हात लांब केला असता तर अलीकडे. मागच्या दाराशी बसणाऱ्या त्या दोघांनी उचललं. हळूच, लागू नये असं. परत घरात नेऊन खुर्चीत बसवलं. एकाने अंगावर शाल घातली. बाहेरून कडी.

शाल घातली. या उकाड्यात.

नंतर. पोरांना आणलंय. शाळेतली सगळी, मनोऱ्याखाली रांगेत बसवलीत. पाणी वाटताहेत. कोणी मला काही म्हणत नाही. सगळे वर बघताहेत नुसते. काकांच्या डोळ्यांत पाणी आहे. ते मान हलवून सांगताहेत की होतं, सवय होते—

आग रानातल्या नाल्याच्या या बाजूला. मी वाजवली नाही तरी बाबा जाणार. आधी तेच. मग ही पोरं. वाजवली तर पोरं वाचतात. हिशेब मला कळतो. हिशेब कळत नाही असं नाही. पण मग बाबा कुणामुळे—

एक लहान मुलगी विचारते, ताई, अजून किती वेळ लागेल. तिला दटावलं कोणीतरी.

वारा सुटला. गावाकडे.

बाबा खिडकीत आहेत. दुर्बिणीतून अगदी जवळ. माझ्याकडेच बघताहेत. काहीतरी म्हणताहेत, ओठ हलतात. वाजव म्हणताहेत का नको म्हणताहेत, कळत नाही. कळत नाही मला. मी दुर्बीण ठेवून दिली.

वाजली.

मी नाही. बाबा, मी नाही हं. वारा आहे केवढा, केबिन हलतेय, दोरी वाऱ्याने आपोआप—

पुन्हा वाजली. माझे हात वहीवर आहेत, हे बघा, एक हात तर वहीवर आहे, वाऱ्यानेच बाबा, वाऱ्या—