भट्टीची वही

१४ जून

प्रिय मास्तरीणबाई,

सप्रेम नमस्कार. पत्रास कारण की... ते सांगतेच, आधी खुशाली. गुडघे कुरकुरतात, केस पिकलेत, आणि विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसूनही मी रोज डोक्यावरचा चष्मा घरभर शोधते. धांदरट ती धांदरटच, असं म्हणशील.

परवा एम.टेक.च्या प्रवेशाच्या मुलाखती होत्या. एक मुलगी आत आली, बसण्याआधी तिने खुर्ची सरळ केली, आणि अर्ज न वाचताच मी ओळखलं, ही तुझी लेक. विचारलं, मटेरियल्सच का? म्हणाली, "आई म्हणते, भट्टीपाशी बसलं की माणूस धीर धरायला शिकतो." पुढचा प्रश्न शेजारच्या सरांनी विचारला. निवड तिच्या गुणांवर झाली, माझा त्यात काडीचाही हात नाही.

आपली जुनी प्रयोगशाळा आठवते? सिरॅमिकच्या पांढऱ्या पावडरीने माखलेल्या आपण दोघी म्हणजे भुतंच. प्रेसवर पावडरीची चकती दाबताना तू श्वास रोखायचीस, आणि मी बडबडले की मास्तरीणबाईसारखी दटावायचीस, "गप गं, चिरा पडतील!" भट्टीच्या माथ्यावर आपण जेवणाचे डबे गरम करायचो. आपल्या सरांनी पकडलं तेव्हा म्हणाले, "निदान मला तरी बोलवत जा." तसं गरम जेवण मला पुढे कुठेच मिळालं नाही.

बघ, पुन्हा विषयाला बगल दिली.

त्या शनिवारी वहीत भट्टी सांभाळायची पाळी तुझ्या नावावर होती. तुझ्या बाबांना दवाखान्यातून घरी न्यायचं होतं. मीच म्हटलं, "तू जा, चारला मी बंद करते." साडेतीनला कुणीतरी सिनेमाचं तिकीट पुढे केलं आणि मी गेले. भट्टी सोमवार सकाळपर्यंत चालू राहिली. आतल्या तारा जळाल्या, आपल्या वर्षभराच्या चोवीस चकत्या ताटलीला चिकटून बसल्या. सरांनी वही उघडून तुझं नाव वाचलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी चपलेचा अंगठा बघत राहिले.

तू एक शब्द बोलली नाहीस. पीएचडीची जागा एकच होती, ती मला मिळाली. तू फरशीच्या कारखान्यात नोकरी धरलीस. आपल्यातली धांदरट कोण, हे अख्ख्या डिपार्टमेंटला ठाऊक होतं गं, तरी वहीत होतं तेच खरं ठरलं. तू गप्प राहिलीस म्हणजे माफ केलंस, अशी मी इतकी वर्षं मनाची समजूत घातली. मला लाज वाटते.

आपली चाल अजून तशीच आहे. नव्याने आलेल्यांनी आधी भट्टीच्या सगळ्या जुन्या वह्या वाचायच्या, कुठे काय चुकलं ते कळावं म्हणून. तुझी लेक सोमवारी येईल. त्या पानावर तुझ्या नावापुढे सरांनी लाल शाईत लिहिलंय, 'निष्काळजी'.

आज मी त्याखाली लिहिलं, "भट्टी बंद करण्याचं काम या दिवशी मी अंगावर घेतलं होतं. मी न करता गेले." सही केली, आजची तारीख घातली. सोमवारी ते पान मीच तिच्यापुढे उघडणार आहे. ती तुझ्यासारखीच बघते. या वेळी मी मान खाली घालणार नाही.

रागाच्या दोन ओळी आल्या तरी जपून ठेवीन.

तुझी,
'चारला मी बंद करते' म्हणालेली
धांदरट