फाइलींना नावं ठेवताना

३ मार्च, सोमवार

वर्षभराच्या कामाची शिल्लक — पाच फाइली!

साहेबांनी सकाळीच बोलावलं. "काकांच्या कार्यक्रमात वर्षभर आलेले फोन काढून दे. सतरा तारखेला समिती बसतेय. लोक ऐकतात असं दिसलं तर कार्यक्रम राहील, नाहीतर बंद." मी ऐटीत म्हटलं, आत्ता देते! आमच्या रेडिओवरचं रेकॉर्डिंग मी लिहिलेल्या शेल स्क्रिप्टने, म्हणजे संगणकाच्या एका छोट्या प्रोग्रामने, आपोआप साठवलं जातं. दुपारी कार्यक्रम संपला की स्क्रिप्ट चालते, त्या दिवशीच्या फोनची फाइल करते, तिला नाव देते. नाव काय? 'फोन-सोमवार', 'फोन-मंगळवार'... केवढी माझी अक्कल! नवा सोमवार आला की जुना सोमवार पुसला. वर्षभर माझी स्क्रिप्ट इमानेइतबारे स्वतःचंच काम पुसत होती. आणि मी रोज बघत होते ते फक्त फाइल झाली की नाही. ऐकतंय कोण!

साहेब ओरडले नाहीत. त्याहून वाईट — हसले. "आजपासून तरी नीट साठव. आणि रोज सकाळी फाइलींची यादी माझ्या मेलवर आपोआप येऊ दे. तुझ्यावर विसंबणं पुरे."

काका म्हणजे निवृत्त माळी. रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतात आणि अर्धा तास लोकांच्या झाडांची दुखणी बरी करतात. रेडिओवर शर्ट कुणाला दिसतो? पण नाही. घरी एकटेच असतात. कार्यक्रम गेला तर माझ्यामुळे जाईल.

४ मार्च, मंगळवार

फाइलच्या नावात तारीख घातली — वर्ष, महिना, दिवस. आता कोण कुणाला पुसतंय बघू! हाताने चालवून पाहिली, झकास चालली. दुपारी कार्यक्रम संपला. फाइलच नाही.

५ मार्च, बुधवार

आजही नाही! मी समोर बसून चालवली की शहाण्या बाळासारखी चालते. ठरल्या वेळी आपोआप चालायची म्हटली की हिचे हातपाय गळतात.

काका दारातून डोकावले. "काय गं, मरगळलं का काही?" म्हटलं, स्क्रिप्ट मरगळलीय. "पाणी जास्त झालं असेल."

६ मार्च, गुरुवार

सापडलं!! तारखेच्या आज्ञेत टक्क्याचं चिन्ह असतं. एरवी ते गुणी. पण वेळापत्रकाच्या ओळीत टक्का दिसला की मशीन आज्ञा तिथेच तोडतं. उपाय काय? टक्क्याच्या आधी एक तिरकी रेघ. बस्स! एवढ्याशा रेघेसाठी डोकं उठलं होतं.

जेवताना आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे परवाचे आणि कालचे फोन गेले?" गेले. आई भात कालवत बसली. मग हळूच म्हणाली, "कालचे चांगले झाले होते गं."

ऐकते वाटतं कार्यक्रम. चला, एक तरी श्रोता नक्की आहे.

७ मार्च, शुक्रवार

फाइल झाली. तारखेची, देखणी! मग अंगात आलं माझ्या. आता प्रत्येक फोनची वेगळी फाइल, आणि नावात तारखेपुढे फोन करणाऱ्याचा नंबरही. किती निरनिराळी माणसं फोन करतात ते समितीला यादीतच दिसेल. स्वतःच्या पाठीवर हात पोचत नव्हता म्हणून थाप द्यायची राहिली.

१० मार्च, सोमवार

सगळ्या फाइलींच्या नावात एकच नंबर. स्क्रिप्ट पुन्हा बिघडली! पहिला नंबर धरून बसलीय आणि सोडत नाही.

११ मार्च, मंगळवार

ओळ न् ओळ तपासली. शेवटी माझ्या मोबाइलवरून स्टुडिओत फोन लावला — नाव बरोबर आलं, माझ्या नंबरासकट. म्हणजे स्क्रिप्ट ठणठणीत आहे. मग हा नंबर कुणाचा? मोठ्याने वाचला. आमच्या घरचा!

जन्मभर पाठ असलेला नंबर, आणि मी दीड दिवस त्यात चूक शोधत होते.

फाइली ऐकल्या. खोकणारे एक गृहस्थ — लिंबाची पानं पिवळी. शाळेतली मुलगी — गुलाबावर किडे. एक तोंडाळ बाई, नवरा कुंड्या फोडतो म्हणे. सगळी आई!

घरी जाऊन विचारलं, "आई, आपल्याकडे एक तरी कुंडी आहे का गं?"

"नाही. म्हणून तर विचारून घेते."

मला हसावं की रडावं कळेना. मग तीच म्हणाली, "पहिल्या आठवड्यात एकही फोन आला नाही. ते बिचारे अर्धा तास 'करा ना फोन' म्हणत राहिले. मला ऐकवेना."

१३ मार्च, गुरुवार

ठरलं. स्क्रिप्टमधून नंबर काढला. जुन्या फाइलींची नावंही बदलली. समिती फक्त आवाज ऐकेल, आणि आवाज काय, हवे तितके आहेत! खोटेपणा आहे, माहीत आहे. पण काकांचा तो शर्ट डोळ्यांसमोरून हलत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

यादी! रोज सकाळी साहेबांना आपोआप जाणारी यादी!! मीच लावलेली, मीच विसरलेली. मंगळवारपासून नंबरासकट त्यांच्याकडे पडलीय.

साहेबांनी बोलावलं. "सगळे फोन एकाच घरातून?"

"हो."

"कुणाच्या?"

"माझ्या."

या खेपेला हसले नाहीत.

१७ मार्च, सोमवार

बंद. आजपासूनच.

काकांना मीच सांगितलं, सगळंच, आईचंही. म्हणाले, "बरं." माझ्या टेबलावरचा पेन सरळ करून ठेवला आणि गेले. मला खूप रडू आलं. आई जेवली नाही.

१८ मार्च, मंगळवार

सुट्टी टाकली. दुपारी, कार्यक्रमाच्याच वेळेला, घरचा फोन वाजला. मी उचलला. काका! "वर्षभर स्टुडिओतल्या फोनवर हाच नंबर दिसायचा, पाठ झालाय. आज कोण आहे? खोकणारे गृहस्थ, की शाळेतली मुलगी?"

आईला फोन दिला. तिने घसा साफ केला, पदर नीट केला, आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "मी आहे."