जिवंतपणीचं जेवण

वालेनी, १२ जानेवारी १९९७

चि. झंफिरास,

अ. आ. तू व्हिएन्नाहून पाठवलेला फोटो आणि कॉफी मिळाली. फोटोत तू ऑपेराच्या स्टेजवर मरून पडली आहेस, पण गाल चांगले भरलेत. शेजारची साफ्ता म्हणाली, आठवड्यातून तीनदा मरूनही पोरगी बाळसं धरतेय.

आता कामाचं. बाबा गेले तेव्हा तू बार्सिलोनात गात होतीस. पोचलीस चौथ्या दिवशी, कबरीवरची माती बसली होती. मी तेव्हा काही बोलले नाही, आजही बोलत नाही. पण मला चौऱ्याहत्तरावं लागलंय आणि तुझ्या तारखा तीन-तीन वर्षं आधी ठरतात. मरण काही तुझ्या एजंटला विचारून येणार नाही. म्हणून माझ्या आईनं केलं तसं मीही करणार आहे. माझ्या मागचं जेवण मी जिवंतपणीच घालते. पाद्रीबाबा कबूल आहेत. तू एक मोकळा रविवार कळव. यायचं, जेवायचं आणि लहानपणी गायचीस ते ईस्टरचं स्तोत्र चर्चमध्ये गायचं. थिएटरातलं नको, साफ्ताला झोप येते.

गळ्याला मफलर गुंडाळत जा. लोभ आहेच, तो पत्रं पाठवून वाढवावा.

तुझी आई,
परास्कीवा

व्हिएन्ना, २ फेब्रुवारी

ती. आईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मेकअप चालू असताना वाचलं. आधी हसले, मग रडले. रंगवणारी बाई चिडली, कारण डोळे पुन्हा काढावे लागले. खरं सांग, तू आजारी आहेस का? डॉक्टर काही बोललाय आणि तू लपवतेस का?

२५ मेचा रविवार रिकामा ठेवलाय. एजंटला सांगितलं, आईच्या मागचं जेवण आहे. त्यानं माझं सांत्वन केलं. मी म्हटलं, स्वयंपाक तीच करणार आहे. तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

बाबांचं तू काढत नाहीस, पण एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. ते गेल्याची तार मध्यंतरात आली होती. मी शेवटचा अंक गाऊन मग निघाले. या वेळी मी येणार म्हणजे येणारच.

गुडघे शेकत जा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
झंफिरा

वालेनी, २० मार्च

चि. झंफिरास,

अ. आ. मी आजारी नाही. गुडघे सोडले तर घोड्यासारखी आहे, आणि घोड्याचेही गुडघे दुखतातच.

पाहुण्यांना द्यायला चाळीस टॉवेल विणून झाले, मडकी आली. तुझ्यासाठी सुताराकडून अक्रोडाची खुर्ची करून घेतलीय. इथे हातानं दिलेलंच मेल्यावर तिकडे आपल्याला मिळतं, आणि तिकडे मला उभं राहायचं नाहीये. विसरली असशील म्हणून सांगते, घेणाऱ्यानं वस्तू स्वतःच्या हातानं घ्यावी लागते, नाहीतर ती तिकडे पोचत नाही.

शेवटच्या अंकाचं वाचलं. भेटीत बोलू. आठवण ठेव, म्हणजे मलाही बरं वाटेल.

आई

व्हिएन्ना, २ मे

ती. आईस,

सा. न. वि. वि. हे पत्र आपल्याकडे क्रायोवाला येणाऱ्या बसवाल्याच्या हाती देतेय, दोन दिवसांत पोचेल. मिलानहून बोलावणं आलंय. तिथली मुख्य गायिका आजारी पडली, तिची भूमिका मला देतायत. या थिएटरची मी सोळा वर्षं वाट बघितली. पहिला प्रयोग २५ मे, रविवारी दुपारी.

मी नाही म्हणणार आहे. एजंट म्हणतो, ते लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत. न विचारोत. एकदा मी गाणं निवडलं, त्याचं ओझं अजून छातीवर आहे. पुढच्या शुक्रवारी उत्तर द्यायचंय.

तुझ्याच मायेची,
झंफिरा

वालेनी, ४ मे

चि. झंफिरास,

अ. आ. बसवाला अंगणात प्लमची दारू पितोय, त्याचा ग्लास संपेपर्यंत लिहिते. हो म्हण. तारीख मी बदलणार नाही, साफ्तानं अर्धा जिल्हा बोलावून ठेवलाय. त्या दिवशी फाटकात दिसलीस तर कुत्रं सोडीन. बाबांच्या वेळचं राहिलेलं माझ्या जेवणात भरून काढू नकोस.

गाताना चुकलीस तरी लोभ राहील. नाही म्हणालीस तर सांगता येत नाही.

आई

मिलान, १७ मे

ती. आईस,

सा. न. वि. वि. हो म्हटलं. तालमीत आवाज बरा लागतोय. पण त्या दिवशी तू ताटं वाढत असशील आणि मी नसेन, हे मनातून जात नाही. जास्त लिहवत नाही. रागावू नकोस.

झंफिरा

वालेनी, २६ मे

चि. झंफिरास,

अ. आ. काल माझं जेवण झालं. सव्वाशे माणूस जेवलं. पाद्रीबाबांनी माझं नाव वाचलं तेव्हा साफ्ता एवढी रडली की मीच तिला पाणी दिलं आणि मी इथेच आहे म्हणून सांगितलं.

बुखारेस्ट रेडिओ तुझा प्रयोग लावणार, हे पाद्रीबाबांनी पेपरात वाचलं होतं. चार वाजता शाळेच्या मास्तरांचा रेडिओ आणून तुझ्या खुर्चीवर ठेवला. अंगणात कोणी चमचा वाजवला नाही. साफ्ताही झोपली नाही. शेवटी तू मेलीस, तर सगळे सवयीनं उठले, देव तिला क्षमा करो म्हणाले आणि मेलेल्यांसाठी सांडतात तसे ग्लासातले दोन दोन थेंब जमिनीवर सांडले. माझ्या जेवणात मलाच तुझ्या नावानं सांडावे लागले. मग हसता हसता मला रडू आलं.

तू नव्हतीस ते जाणवलं, खोटं कशाला लिहू? स्तोत्राच्या वेळी फार जाणवलं. पण तू गायला लागलीस आणि ते गेलं. आता बाबांचं ऐक. शेवटी त्यांनी विचारलं होतं, आज पोरीचा प्रयोग आहे ना? मी हो म्हटलं, तर समाधानानं डोळे मिटले. तू अंक सोडून निघाली असतीस तर त्यांना आवडलं नसतं. मलाही आवडणार नाही. माझी वेळ येईल तेव्हा अंक पुरा कर, मग ये. तुझ्यावाचून माझं जेवण कसं होतं, ते मी बघून घेतलंय.

खुर्ची ओसरीवर आहे, अजून कोणाला बसू दिलेली नाही. ती तू हातानं घेईपर्यंत मला तिकडे जाता येत नाही. तेव्हा सावकाश ये, घाई करू नकोस.

तुझी आई,
परास्कीवा