शनिवार पेठेतला धावफलक

शनिवार पेठ, पुणे
१४ एप्रिल २०२५

चि. अभयला बाबांचे अनेक आशीर्वाद, आईचे त्याहून जास्त.

फोनवर बोलू म्हणतोस, पण माझ्या कानांची अवस्था तुला ठाऊक आहे. तू अमेरिकेतून ओरडतोस, मला ऐकू येत नाही आणि खालच्या मजल्यावर सगळं कळतं. त्यापेक्षा मी कागदावर लिहीन. तुझी ताई पूर्वा वाघोलीहून आली की मोबाइलवर फोटो काढून तुला पाठवील. तूही तसंच कर. अक्षर मात्र जरा माणसासारखं काढ.

पूर्वाने मला एक सोय करून दिली आहे. तुमच्या क्लबच्या खालच्या संघांतल्या होतकरू पोरांनी काल काय दिवे लावले, ते क्लब रोज इंटरनेटवर छापतो. इथे सकाळच्या चहाबरोबर ते माझ्यासमोर येतं. आयुष्यभर क्लब क्रिकेटचा स्कोअरर म्हणून बसलेल्या माणसाला बेसबॉल समजायला असा किती वेळ लागणार? आठवडा लागला. चार चेंडू भलतीकडे टाकले की समोरच्याला न मारता पुढच्या तळावर जाऊ देतात, हे काही माझ्या पचनी पडत नाही. मी त्याला फुकटची चाल म्हणतो.

आणि ऐक. चौकातला मंडळाचा फलक हल्ली नुसताच कोरा असायचा, नाहीतर पाणी येणार नाही एवढं लिहिलेलं. मी फुलवाल्या महिपतीकडून खडू मागून घेतला. आता रोज सकाळी तुझी कामगिरी मी तिथे लिहितो. काल लिहिलं, ‘अभय: डाव दोन, बाद सहा, धाव एक, फुकटच्या चाली तीन. (दानशूर.)’ दूध घ्यायला आलेली माणसं थांबून वाचतात. इथल्या क्रिकेटच्या निवड समितीने तुला तीन हंगाम पाणी वाटायला ठेवलं होतं, त्यातले एक गृहस्थ आपल्याच गल्लीत राहतात. तेही वाचतात. मान खाली घालून.

जेवत जा. आशीर्वाद रोज आहेत, चाली फुकट देऊ नकोस.

तुझा,
बाबा


११ मे २०२५

ती. बाबांस आणि आईस अभयचा शि. सा. नमस्कार.

अक्षराबद्दल माफ करा, बसमध्ये लिहितोय. इथे सामने संपले की बस, बस संपली की सामना. चौघांत एक घर आहे. त्यातला एकजण सगळ्यावर साखर घालून खातो, अगदी भातावरसुद्धा. आईला हे वाचून दाखवू नका, ती घाबरेल.

खेळाचं म्हणाल तर गंमत आहे. लहानपणापासून तुम्ही कोपर सरळ ठेव म्हणून माझ्या मागे लागलात. इथले कोच कोपर वाकव म्हणून मागे लागलेत. वाघोलीच्या मैदानावर या क्लबच्या लोकांनी माझा वेग मोजला आणि उचलून आणलं, पण वेग म्हणजे सगळं नाही हे इथे आल्यावर कळतंय. चेंडू जिथे टाकायचाय तिथे पडायला हवा. रोज संध्याकाळी कुणाचं तरी नाव कापलं जातं. सप्टेंबरच्या अखेरीस कुणाला ठेवायचं ते क्लब ठरवणार. ज्याला ठेवत नाहीत त्याचा व्हिसाही संपतो. मला राहायचंय बाबा. पाणी वाटायला परत यायचं नाही.

एक विनंती आहे, रागावू नका. फलकावर आकडे खुशाल लिहा, पण ते कंस नको. महिपतीकाका रोज फलकाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकतात आणि मी अजून त्या ग्रुपमध्ये आहे. ‘दानशूर’वर किती जण हसले ते मला इथे दिसतं. मैदानावर जायच्या आधी दिसतं.

माया आहे तशी ठेवा, थट्टा थोडी कमी करा.

आपला,
अभय


शनिवार पेठ
८ जून २०२५

चि. अभय, अनेक आशीर्वाद.

कंस निघणार नाहीत. कंसासाठीच तर लोक थांबतात. नुसते आकडे वाचायला पेठेत कुणाला वेळ आहे? आणि दोन शब्दांनी दुखायला तू काय काचेचा आहेस? मैदानावर तर याहून वाईट ऐकलं असशील.

माझ्या हातून तुझ्याबद्दल खोटं कधी लिहिलं जाणार नाही, एवढा भरवसा ठेव. तू लहान होतास, पाटी घेऊन माझ्या शेजारी बसायचास. एका सामन्यात शेवटचा फलंदाज उतरलाच नाही. पंच म्हणाले, लिहा, आले नाहीत, आणि आटपा. मी पेन खाली ठेवलं. भर उन्हात मैदान ओलांडून त्यांच्या तंबूत गेलो आणि का आला नाही ते विचारलं. पोराचं बोट बसच्या दारात चेंगरलं होतं. परत येऊन लिहिलं, ‘जखमी.’ पंच माझ्यावर चिडले, चिडू देत. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, कारण विचारल्याशिवाय स्कोअररने कुणालाही गैरहजर लिहायचं नसतं. ‘आले नाहीत’ म्हटलं की माणूस पळपुटा ठरतो.

तेव्हा तू तुझं बघ, फलक माझ्यावर सोड. परवाचे चार बाद झकास होते. त्या दिवशी कंस टाकला नाही, हे तुझ्या लक्षातही आलं नसेल.

आईने मेतकूट पाठवलंय. भातावर साखर घालणाऱ्याला चमचाभर दे. आशीर्वाद मोजत नाही, तूही मोजू नकोस.

बाबा


२९ जून २०२५

ताई,

तुला साष्टांग नमस्कार, म्हणजे खरोखर आडवा पडूनच लिहितोय.

कोपर दुखतंय. आतल्या बाजूने. चेंडू सुटताना कुणीतरी सुई घालून फिरवल्यासारखं होतं. परवा फिजिओला सांगितलं. तो म्हणाला, वेळेवर बोललास, आत्ता दोन-तीन आठवडे हाताला आराम दिलास तर वाचशील, नाही दिलास तर आतलं लिगामेंट फाटेल. मला विश्रांतीच्या यादीत टाकलंय. क्लब यात वाईट मानत नाही. कोचनेच पाठीवर थाप मारली.

बाबांना आपणहून सांगू नकोस. सांगितलंस तर उद्या फलकावर येईल, ‘अभय: कोपर दुखले. (नाजूक.)’ आणि ते सगळं मंडळ वाचेल. मला ते आत्ता सहन होणार नाही, खरंच सांगतो. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलू नकोस. नाव दिसलं नाही की ते विचारतीलच. बाबा कारण विचारल्याशिवाय राहायचे नाहीत.

खराडीला ऑफिसात जाताना गाडी हळू चालव. आणि हेल्मेट घालतेस ना?

तुझा लाडका (तूच म्हणतेस),
अभय


शनिवार पेठ
६ जुलै २०२५

चि. अभय,

आशीर्वाद.

आठवडा झाला, तुझं नाव कुठे दिसत नाही. रोज चष्मा पुसून बघतो. बाकीची पोरं खेळतायत, तो साखरवालाही खेळतोय. तू कुठे आहेस? संघातून काढलं की काय तुला? की मन उडालं? तिकडे फिरायला खूप ठिकाणं आहेत म्हणतात.

चौकात लोक विचारतात. त्या निवड समितीच्या गृहस्थांनी काल मान वर करून विचारलं, आज काही लिहिलं नाहीत? मला फार लागलं ते. फलक कोरा ठेवणं माझ्या हातून होत नाही. मी लिहिलं, ‘अभय: आले नाहीत. (हवा सोसली नसेल.)’ आज लिहिलं, ‘अभय: आजही आले नाहीत. (आईच्या हातचा वरणभात आठवत असेल.)’

लोक हसले. मीही हसलो. काय करणार?

बाबा


८ जुलै २०२५

ताई,

फोटो पाहिले. ग्रुपवर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं मोजायचं मी सोडून दिलं. माझ्या शाळेतली पोरं आहेत त्यात. ज्यांच्याबरोबर मी नदीपात्रात टेनिस बॉल खेळलो, ती.

बाबांनी तुला विचारलं का? परवा तू तिथे होतीस, त्यांच्या पत्राचा फोटो तूच काढलास. विचारलं असतं तर तू सांगितलंच असतंस, म्हणजे नाहीच विचारलं. मैदान ओलांडायचंसुद्धा नव्हतं गं. तू समोरच्या खुर्चीत बसली होतीस.

मी आज फिजिओला सांगितलं, दुखत नाही. त्याने दाबून पाहिलं. मी हसत राहिलो. त्याने दुसऱ्यांदा विचारलं, मी दुसऱ्यांदा सांगितलं. पुढच्या आठवड्यात खेळतोय. उगाच फोन करून समजावू नकोस, उचलणार नाही.

अभय


शनिवार पेठ
१७ जुलै २०२५

चि. अभय यास अनेक, अनेक आशीर्वाद!

वा रे पठ्ठ्या! डाव तीन, बाद नऊ, त्यातले सहा नुसती बॅट फिरवून परत. धाव शून्य. फुकटची चाल एकही नाही. मी खडू मोडेपर्यंत जाड अक्षरांत लिहिलं. कंस नाही. महिपतीने फलकाला हार घातला, स्वतःच्या दुकानातला, ताजा. निवड समितीवाले गृहस्थ आज दूध घ्यायला आलेच नाहीत.

आईने शिरा केला. ती म्हणत होती, पोराला उगाच टोचून बोलता. मी म्हटलं, बघ, टोचल्याशिवाय आपला अभय उठत नाही. शाळेतही असंच होतं. आता उरलेला हंगाम असाच टाक. क्लब तुला ठेवतो की नाही बघू!

पूर्वा आज आल्यापासून गप्पच आहे. ऑफिसमध्ये काही झालं असेल.

लोभ नऊपट झाला आहे.

बाबा


वाघोली
३ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस पूर्वाचा सा. नमस्कार.

हे मी तुमच्यासमोर बसून सांगू शकले असते, पण तुमच्या कानाशी ओरडून सांगण्यासारखं ते नाही. म्हणून लिहून आईच्या हाती देतेय.

त्या नऊ बादच्या दिवशी शेवटच्या चेंडूला अभयच्या कोपरातलं लिगामेंट फाटलं. फलकाला हार पडला तेव्हा तो दवाखान्यात होता. महिनाअखेरीस शस्त्रक्रिया आहे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय की वर्षभर चेंडू नाही, आणि नंतर तो वेग येईलच असं नाही. क्लब शस्त्रक्रिया करून देणार आणि मोकळं करणार. त्याच्याहून लहान आणि धडधाकट पोरं रांगेत उभी आहेत.

जूनच्या अखेरीस तो रीतसर विश्रांतीवर होता. रोजच्या त्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरांत तसं छापलेलंही होतं. तुम्ही नाव शोधलंत, खालचं वाचलं नाहीत. ते जाऊ दे, डोळे थकतात. पण मला एक शब्द विचारायला काय झालं होतं? कुणाच्या तरी बोटासाठी उन्हातून चालत गेलेले बाबा तुम्हीच ना? चौकातल्या लोकांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून तुम्ही त्याला पळपुटा लिहिलंत. आणि ते खोटं पाडायला तो दुखऱ्या हाताने मैदानात गेला.

मीही दोषी आहे. मला माहीत होतं आणि त्याच्या शब्दाखातर गप्प बसले. पण फलक माझा नव्हता.

पुढच्या रविवारी येत नाही. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
पूर्वा


शनिवार पेठ
२१ सप्टेंबर २०२५

चि. अभय,

आशीर्वाद देतो, घेणं तुझ्यावर आहे.

पूर्वाचं पत्र आल्यापासून हे चौथ्यांदा लिहायला बसलो. पहिल्या तीन पत्रांत मी बरोबर कसा होतो तेच लिहून झालं. ती फाडली. तीन फाडली तरी अजून तेच लिहावंसं वाटतं, असा माझा स्वभाव.

पंधरा दिवसांपूर्वी फलकावर लिहिलं, ‘अभय: जखमी.’ एवढंच. संध्याकाळी भाजीला गेलो तर त्याच्यापुढे कुणीतरी कंस घातला होता, ‘(हवा सोसली नसेल.)’ माझंच वाक्य, माझ्यासारखंच अक्षर काढून. मी पुसायला लागलो तर महिपती कानाशी येऊन ओरडला, काका, तुम्हीच तर शिकवलंत, आता का रागावता? तो वाईट हेतूने बोलला नाही. चौकाला मात्र ऐकू गेलं. मी तसाच उभा राहिलो, हातात ओला फडका घेऊन. आता मी फलकाकडे जात नाही. तिथे रोज कुणी ना कुणी काहीतरी लिहितं. माझ्याशिवायही छान चाललंय त्यांचं.

तू दसऱ्यानंतर येतोयस असं आईला कळलं. तुझी खोली झाडून ठेवली आहे. पलंग खिडकीकडे सरकवला, म्हणजे उजवा हात भिंतीवर आपटणार नाही.

अभय, हाताला काय झालं? कधीपासून दुखत होतं? खूप दुखलं का रे?

उशिरा विचारतोय. सांग.

बाबा


वाघोली
९ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस आणि आईस पूर्वाचा नमस्कार.

अभय परवा उतरला. मी त्याला परस्पर माझ्याकडे आणलं. हाताला पट्टा आहे, अंगाने वाळलाय, झोपतो खूप. काळजी करू नका, जेवतो. आईने उद्या इकडे यावं, रिक्षा मी पाठवते. आईनेच यावं, असं तो म्हणाला.

तुमचं पत्र त्याला तिकडेच मिळालं होतं. इथे आल्यावर त्याने ते पुन्हा एकदा मोबाइलवर मोठं करून वाचलं. रडला थोडा, मग तोंड धुऊन आला. त्याला अजून पेन धरता येत नाही, म्हणून त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. मी त्यात एक शब्द घातलेला नाही, काढलेलाही नाही. ते असं:

‘बाबांना नमस्कार. खूप दुखलं. घरी येणार नाही. चौकातून जावं लागतं. आता कुणी विचारलं तर लिहा, आले नाहीत. या वेळी ते खरं आहे.’

पूर्वा