म्हाताऱ्या मशीनचा आवाज

४ फेब्रुवारी

चि. पेचकस यास आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाकीट उघडल्याबरोबर बोगद्यातली धूळ माझ्या मांडीवर सांडली, तेव्हा खोकला बरा आहे हे तुझं म्हणणं मी खरं मानत नाही. गरम पाणी पीत जा.

पत्रास कारण, माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकायची आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे मशीन पोटाशी धरून नेलं, तर त्या गृहस्थाने झाकणही उघडलं नाही. म्हणाला, कंपनीने हे मॉडेल कधीच वाऱ्यावर सोडलंय, यावर नवी सिस्टिम चढणार नाही, नवीन घ्या. घरी येऊन मी स्वतः खटाटोप केला, तर पाटी आली की हे यंत्र या आवृत्तीस पात्र नाही. मला इतका राग आला की मी झाकण आपटलं. इतकी वर्षं हॉस्पिटलचे डॉक्टर रेकॉर्डरमध्ये पुटपुटतात आणि मी पायाने थांबवायच्या, मागे घ्यायच्या पेडलच्या डबीवर ते ऐकून रिपोर्ट टाइप करते, तेव्हा नाही कोणी पात्रता विचारली.

नवीन मशीन मी घेणार नाही. दुकानात त्या चपट्या कीबोर्डवर हात ठेवून पाहिला, टेबलावर बोटं आपटल्यासारखं वाटलं. माझ्या मशीनची कुठली की अडते आणि कुठली हलकी लागते, हे माझ्या बोटांना झोपेतही कळतं. आणि नवी सिस्टिम तर हवीच, कारण हॉस्पिटलच्या ऑफिसने सांगितलंय की महिनाअखेरपासून जुनी चालणार नाही. काम गेलं तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. तुझ्या बाबाने मागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतली आहे. रंग कुठला हवा हे विचारलंसुद्धा नाही. दादावर माझा जीव आहे, पण त्याच्या घरी मी दिवा लावू का म्हणून विचारणारी बाई होईन, आणि ते मला सोसणार नाही. आज सकाळपासून मी खुर्चीत धड बसलेली नाही.

उत्तर जाड काळ्या पेनाने, मोठ्या अक्षरात लिही. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग आहे. माझा लोभ आहेच, तुझं उत्तर तेवढं लवकर यावं.

तुझी,
आत्या

९ फेब्रुवारी

ती. टकटक आत्यास सा. न. वि. वि.

जाड पेन साइटवर मिळालं नाही, म्हणून खडकावर खुणा करायच्या मार्करने लिहितोय. शाई मागच्या बाजूला उतरली तर बोलू नकोस. रेशनचा ट्रक दुपारी खाली जातो, तो चुकला की पत्र आठवडाभर इथेच लोळेल आणि फोनला तर इथे रेंजच नाही.

आधी खरं सांगतो. चालतंय ते चालू द्यावं, या मताचा मी आहे. लहानपणी तुझं गजराचं घड्याळ उघडून मी पेचकस झालो, पण त्या घड्याळाचं पुढे काय झालं तेही आठव. ते आजवर वाजलेलं नाही.

तरी तू ऐकणार नाहीसच, तर नीट वाच. आपल्यासारखे खटपटे जगात बरेच आहेत. त्यांनी एक फुकटचा प्रोग्राम केलाय, तो नव्या सिस्टिमला थाप मारतो की हे मशीन तुझ्या ओळखीतलंच आहे. पहिल्यांदा सगळ्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढ. ती काढल्याशिवाय पुढे पाऊल टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे. मग त्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह तयार कर, मशीन बंद करून परत सुरू करताना सांगितलेली की दाबून धर, आणि पेनड्राइव्हचं चित्र निवड. मधे मशीन आपणहून बंद होईल, चालू होईल, काळं होऊन बसेल. तेव्हा हात लावायचा नाही. तुझ्याकडून हे कसं होणार याचीच मला काळजी आहे.

सिस्टिम बसली की काम संपलं असं नाही. नव्या सिस्टिमला जुने भाग ओळखता येत नाहीत, म्हणून त्याच प्रोग्रामने मागाहून डागडुजी करावी लागते. आणि पुढे कधी अपडेट करा अशी चौकट आली तर काहीही झालं तरी हो म्हणायचं नाही. अपडेट आलं की डागडुजी पुसली जाते.

खोकला खरंच बरा आहे. लोभ आहे तसाच ठेव, रागही ठेवलास तरी चालेल.

तुझा,
पेचकस

१३ फेब्रुवारी

चिरंजीवांस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आईला आलेल्या तुझ्या पत्रावरून कळलं की ऑफिसने जुनी सिस्टिम बंद केली म्हणून तुझ्या आत्याला तू कॉम्प्युटरची विद्या शिकवतो आहेस. मला विचारशील तर हे बरं केलं नाहीस. मी काल तिच्या ऑफिसात जाऊन आलो. हेडक्लार्क म्हणाले, आम्ही असं काही कळवलेलंच नाही, रिपोर्ट कुठल्याही मशीनवर टाइप करा. म्हणजे ती तुला सरळ थापा मारते आहे. का, ते तिचं तिला ठाऊक.

आणखी एक. गेल्या आठवड्यात बाजारात ती समोरून आली. हातभर अंतरावर होती. मी पिशव्या खाली ठेवून हसलो, तर ती मान ताठ ठेवून सरळ निघून गेली. खोली रंगवली याचा एवढा राग? मी तिला कोंडून ठेवणार होतो का? ती जिन्यावरून चढउतार करते, एकटी राहते, म्हणून मला झोप लागत नाही, एवढंच. मी घरी येऊन जेवलो नाही.

ती फक्त तुझं ऐकते. हे मशीन आता दुरुस्त होण्यापलीकडे आहे, असं लिहून टाक. खोटं बोलायला सांगतो आहे हे मला कळतं. आईने लोकरीचा मफलर पाठवला आहे, तो घाल. आमची माया आहेच, तिची कदर असावी.

तुझा,
बाबा

१७ फेब्रुवारी

चि. पेचकस यास अनेक आशीर्वाद.

बसली. नवी सिस्टिम बसली. खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण दवाखाना बंद करून वर आली होती. ती स्क्रीनवरचं वाचून सांगायची आणि मी दाबायची. तू बजावलं होतंस तसं मशीन काळं झालं, तेव्हा ती बिचारी घाबरून घरी जायला निघाली होती, तिला मी बसवून ठेवलं. मी मात्र हात लावला नाही. फडताळ पुसलं, चादर बदलली, पुसलेलं फडताळ परत पुसलं. मग सफरचंदासारखा गोल उजेड आला आणि चित्रं दिसायला लागली. डॉक्टरीण म्हणाली, फारच सुंदर रंग आहेत.

पण मशीन मुकं झालंय. चकार आवाज निघत नाही. मी सगळीकडे दाबून पाहिलं, मशीन उलटं करून थोपटलं. इतका उपद्व्याप करून हेच नसेल, तर बाकीचं सगळं माझ्या काय कामाचं? आवाज कसा आणायचा ते परतीच्या ट्रकनेच कळव. मला घरात बसवत नाही आणि बाहेरही जावंसं वाटत नाही. समोरचा न्हावी हल्ली पाठ करून उभा राहतो की तोंड करून, तेही कळत नाही, इतकं डोकं फिरलंय.

लोभ असेल तर तो या वेळी घाईघाईने दाखवावा.

तुझी,
आत्या

२२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बसली याचा आनंद झाला आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मागाहून करायच्या डागडुजीचं मी लिहिलंच होतं. ती डागडुजी राहिलेली दिसते. मशीनला इंटरनेटची वायर जोड, तो खटपट्यांचा प्रोग्राम उघड, सिस्टिम बसवण्याच्या बटणाशेजारचं बटण दाब आणि मशीन बंद करून परत चालू कर. आवाज यायला हवा.

पण आता मी जरा चिडून लिहितोय. आवाजासाठी एवढा आकांत कशाला? रेकॉर्डिंग तर तू पेडलच्या डबीवर ऐकतेस. गाणी तुला आवडत नाहीत. आणि ऑफिसने काहीही कळवलेलं नाही, हे बाबा तिथे जाऊन विचारून आलेत. मग महिनाअखेर कुठून आली? मला बनवायचं असेल तर बनव, पण मी इथे डोंगराच्या पोटात बसून तुझ्या मशीनची काळजी करतो, आणि ड्रिल बिघडलं तर इंजिनिअर माझ्या नावाने खडे फोडतो. काय चाललंय ते स्पष्ट लिही.

लोभ कमी झालेला नाही, पण तो सध्या तोंड फुगवून बसलाय.

तुझा,
पेचकस

२७ फेब्रुवारी

चि. पेचकस यास अनेक आशीर्वाद.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील, तर सांभाळून घे. मला त्या दिसत नाहीत.

स्पष्ट लिहायला सांगितलंस म्हणून लिहिते. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. कडेचं दिसतं, खिडकी दिसते, दार दिसतं, मधलं पुसलं गेल्यासारखं. माणूस समोर उभं असलं तर त्याचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, कडा शाबूत राहतील, मधलं परत येणार नाही. तू मार्करने लिहितोस म्हणून एकेक अक्षर बाजूने बघत, तिरपी मान करून लावते. तुझं प्रत्येक पत्र वाचायला मला अख्खी दुपार लागते.

टाइपिंगला डोळे लागत नाहीत, असा माझा तोरा होता. मग ऑफिसमधून एक रिपोर्ट परत आला. बोटं एका घराने उजवीकडे सरकून बसली होती, आणि मी अख्खं पान तसंच टाइप केलं होतं. एका शब्दाला अर्थ नव्हता. डॉक्टर रेकॉर्डरमध्ये बोलत होते, मी पेडल दाबत होते, आणि कागदावर नुसता कचरा पडत होता. मी ते हसण्यावारी नेलं, नवी मुलगी मदतीला घेतली होती म्हणून थाप मारली. पण त्या दिवसापासून एकेक पान पाठवायला मी दिवस दिवस लावते. परत असं झालं तर काम जाईल, आणि ते बरोबरच होईल, कारण तो कोणाच्या तरी आजाराचा कागद असतो.

नव्या सिस्टिममध्ये मशीन आपल्या भाषेत वाचून दाखवतं, असं डॉक्टरीणबाईने सांगितलं. जुनीला आपली भाषा येत नाही. म्हणून हा सगळा हट्ट, आणि महिनाअखेरची थापही त्यासाठीच. तू सांगितल्याप्रमाणे डागडुजी केली आणि मशीन बोललं. मी टाइप केलेलं पान त्याने मला वाचून दाखवलं, एका चुकीला अडखळलं, मी ती सुधारली. त्या संध्याकाळी मी खूप रडले, आनंदाने रडले.

दुसऱ्या दिवशी काम करताना मधेच टण्ण झालं. टाइपिस्टला कुठलीही चौकट आली की हात एंटरवर जातो. गेला. ते अपडेट होतं. आवाज गेला, आणि आता तो प्रोग्राम म्हणतो, या आवृत्तीची डागडुजी मला अजून जमत नाही.

मी भ्यायले आहे. दादाला यातलं अक्षर कळवू नकोस. कळलं तर तो उद्याच टेम्पो घेऊन दारात उभा राहील. लोभ असू दे, आणि कीव मात्र नको.

आत्या

३ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पाकिटात चपटं कार्ड आहे. ते पेडलच्या डबीत घाल. सगळं बोलून ठेवलंय. पेनड्राइव्हवरून अपडेटआधीचीच नवी सिस्टिम परत कशी टाकायची, फाइली परत कशा आणायच्या, आणि अपडेटची चौकटच येणार नाही असं कसं करायचं. पायाने थांबव, पायाने मागे घे. मी खोकलोय तिथे लक्ष देऊ नकोस.

मी चिडलो त्याचं वाईट वाटतंय. बाबांना मी सांगणार नाही. तूच सांग. बाजारात तू समोरून गेलीस तेव्हा ते पिशव्या ठेवून हसले होते. त्यांना वाटतं तू ओळख नाकारलीस. घरी येऊन जेवले नाहीत.

लोभ डबीतून ऐकावा.

पेचकस

११ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टाइप केलेलं पाहून तू म्हणशील, बहिणीला हाताने लिहायचीही लाज वाटायला लागली. तसं नाही. हाताने लिहिलेलं मला परत वाचता येत नाही. टाइप केलेलं मशीन मला वाचून दाखवतं. तुझ्या मुलाने डोंगरातून डबीत बोलून पाठवलं आणि मी पायाने त्याला थांबवत, मागे घेत, सगळं परत बसवलं. तोही तुझ्यासारखाच एक गोष्ट तीनदा सांगतो. मधे एका ओळीला बोटं सरकली, मशीन काहीतरी भलतंच बरळलं, तेव्हा मी हसले आणि ओळ परत टाइप केली.

माझ्या डोळ्यांना मधलं दिसत नाही, दादा. वर्ष होत आलं. बरं होणार नाही, पण सगळं काळोखं होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्यांच्याकडे पुढच्या वेळी तूच चल माझ्याबरोबर, आणि मला विचारायचे सुचत नाहीत ते प्रश्न विचार. ऑफिसला मी खरं सांगितलं आहे. हेडक्लार्कने माझी दोन पानं तपासून बघितली आणि नेहमीसारखं टाइप करायला रेकॉर्डिंग दिलं. म्हणून मी अजून माझ्याच खोल्यांत आहे, आणि माझा दिवा मीच लावते. तुझ्या मागच्या खोलीला कुलूप घालू नकोस. कधीतरी लागेल, हे मलाही कळतं. पण आज नको.

बाजारातलं मला आता कळलं. तू हसलास, आणि मी निघून गेले. मला पिशव्या दिसल्या होत्या, दादा. कोणीतरी रस्त्यात पिशव्या ठेवून उभं आहे, म्हणून मी बाजूने गेले. त्या माणसाला चेहरा नव्हता. तू हसलास तर ते मला आता दिसणार नाही. पुढच्या वेळी हाक मार. लहानपणी अंगणातून मारायचास तशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मी थांबेन.

लोभ आहेच. यापुढे तो जरा मोठ्या आवाजात असावा.

तुझी,
टकटक