गिऱ्हाइकाचा शब्द

आये,

इंग्रजीत पत्र लिहायचं तर नावाच्या आधी 'डिअर' लिहितात, हे मीच तुला शिकवलं होतं. आज मराठीत लिहितेय, तरी हात एकदा तिकडे वळला आणि मी तो मागे घेतला. तुला डिअर म्हणणार नाही. तू मला कधी म्हटलं नाहीस, मी का म्हणू? तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी हा राग काही जात नाही.

आठवीत होते मी. अंधेरीच्या बाजारातून तू रिकामी पाटी घेऊन आलीस, पदर खोचलास आणि बोंबलांची डोकी काढता काढता विचारलंस, "गो, डिअर म्हंजे काय?" फ्रॉक घालणारी एक म्हातारी तुझं नेहमीचं गिऱ्हाईक होती, तिनं सुरमईची पिशवी हातात घेताना "थँक यू, डिअर" म्हटलं होतं. मी फुशारून सांगितलं, लाडकं माणूस, जिवाजवळचं. "कोनाला बोलाचा?" मी म्हटलं, नवऱ्याला म्हणतात, मुलांना म्हणतात, मैत्रिणीला म्हणतात, पत्रात तर साहेबालाही लिहितात. तू खो खो हसलीस. "सायबाला पन आन नवऱ्याला पन? मंग बरा हाय." माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलंस आणि तुला तो शब्द अगदी झकास जमला. मला वाटलं, आता पहिल्यांदा माझ्यावरच वापरणार. मी तशीच तुझ्या तोंडाकडे बघत बसले, तर तू म्हणालीस, "बसलीस काय, वाटण काढ."

दुसऱ्या दिवसापासून बाजारात सगळे डिअर झाले. पिशवी घेऊन नुसती भाव विचारत फिरणारी बाई डिअर, हॉटेलवाला डिअर, पोलिसाची बायकोसुद्धा डिअर. चांगलं म्हावरं घरात शिजवायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. पापलेट, सुरमई, हलवा गिऱ्हाइकाला, आणि बाजार उठल्यावर पाटीच्या तळाशी जे चेपलेलं, मऊ पडलेलं उरेल ते आपल्या ताटात. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, त्यावरच वाढले मी. पण शब्दाचंही तू तेच केलंस. म्हावरं निदान उरायचं तरी. हा शब्द तू रोजच्या रोज सगळा विकून यायचीस आणि घरात पाऊल टाकलंस की "मेले, उठ", "मेले, पानी भर".

दहावीचा निकाल लागला तेव्हा मी शाळेतून धावत थेट बाजारात आले. इंग्रजीत वर्गात पहिली आले होते. तू एका बाईला हलवा उलटापालटा करून दाखवत होतीस. "घे गो डिअर, आत्ता उतरलाय." मी समोर धापा टाकत उभी. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बाजूला हो, गिराईक दिसत नाय मना." संध्याकाळी उरलेल्या मांदेल्यांचं कालवण वाढत होतीस, तेव्हा मी सरळ विचारलं, मला का नाही कधी डिअर म्हणत? तू मानही वर केली नाहीस. "मना तुला म्हावरा इकाचाय काय?" तुला काय मला मासे विकायचेत! बाबा हसले, तूही हसलीस. मी ताट तसंच टाकून उठले आणि तू मला परत बोलावलंही नाहीस.

मावशी अजून सांगते, बाय, तिनं तुझ्यासाठी हाडाची काडं केली. केली. मी कुठे नाही म्हणते? त्या कष्टांवर मी शिकले, नोकरीला लागले, बोरिवलीत घर घेतलं. पण मला कष्टांचं कोडकौतुक कोणी सांगू नये. फुकटचा शब्द होता तो, आये. शेवटी हॉस्पिटलात तुझ्या अंगात बोलायचं त्राण नव्हतं, तरी नर्सनं उशी सरळ केली तर तिला म्हणालीस, "थँक यू, डिअर." आणि मला? "खिडकी लाव." तेच तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. आज फोनवर बँक मला डिअर म्हणते, गॅसवाले म्हणतात, वीज कापू म्हणून दम देणारेसुद्धा आधी डिअर म्हणतात. म्हणायची राहिलीस ती एकटी तू.

गेल्या रविवारी कामासाठी अंधेरीला गेले होते, पाय आपोआप बाजाराकडे वळले. तुझ्या ओट्यावर एक तरुण पोर बसली होती. मला ओळखायचं तिला काही कारणच नव्हतं. "ये डिअर, हलवा बघ, एकदम फ्रेश." मी जागीच थांबले. विचारलं, हे बोलायला कुठे शिकलीस? "सगल्याच बोलतात हितं, आंटी. सासूनं शिकिवला. तिला पन ह्याच ओट्यावरच्या म्हातारीनं शिकिवलेला." ती म्हातारी तू, आणि तुला शिकवणारी मी. अख्ख्या बाजाराला पुरला आणि मला पुरला नाही! असा संताप आला की त्या ओल्या ओट्यावर हात आपटावा आणि ओरडून सांगावं, हा शब्द माझा आहे.

हात आपटला नाही. तो हलवा घेतला. कोळणीची लेक असून कल्ले उघडून पाहिले नाहीत, भाव केला नाही, तिनं मागितले तेवढे पैसे दिले. पिशवी हातात देताना ती परत एकदा तो शब्द बोलली. तिला मासे विकायचे होते, एवढं मला कळत होतं.

हे पत्र टाकायचं कुठे? आणि तुला वाचता तरी कुठे येत होतं! कपाटात साड्यांखाली पडून राहील. फक्त एवढं सांगते, हलवा शिळा निघाला, आये. येत्या रविवारी मी परत तिच्याकडेच जाणार आहे.